कानबाईच्या रोटाला तो आला नाही

इतिहासाच्या पुस्तकात भावाने भावाला मारलं की पुढच्या परिच्छेदात राज्याभिषेक असतो. मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे हे मला चांगलं ठाऊक आहे. डोळे काढले, विष दिलं, हत्तीच्या पायी दिलं आणि मग नवी नाणी पाडली. मुलं पेपरात 'सत्तासंघर्षाची कारणे' लिहून मोकळी होतात. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, यांना बहीण नव्हती का?" वर्ग हसला. मी, "होती, पण तिच्याविषयी साधनं उपलब्ध नाहीत," असं छापील उत्तर दिलं आणि फळ्याकडे वळले. त्या वेळी माझा सख्खा धाकटा भाऊ आमच्या चुलतभावाच्या खुनासाठी तुरुंगात होता आणि त्याला तिथे पाठवणारी साक्ष माझी होती.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. भाऊ आणि चुलतभाऊ एकाच पावसाळ्यात जन्मले, एकाच शाळेतून पळून आले, एकाच विहिरीत पोहायला शिकले. मी दोघांची अक्का. आमच्या घरात रागही हातानेच व्यक्त व्हायचा आणि मायाही. वडील बैल हाकायच्या पराणीने मारायचे, काका पायातलं काढून. पोरं एकमेकांच्या पाठीवरचे वळ मोजायची आणि खो खो हसायची. मला तेव्हाही ते हसणं आवडत नव्हतं. मार खाऊन हसणारी मुलं मोठी झाली की मारताना कचरत नाहीत, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाला विचारून बनवलेलं नाही.

वडील आणि काका गेल्यावर शेत वाटलं गेलं, विहीर मात्र सामाईक राहिली. पाण्याच्या पाळीवरून दोघांची रोजची धुसफूस. त्या उन्हाळ्यात ती हातघाईवर आली. भावाने पाइपाने चुलतभावाचं डोकं फोडलं, त्याने भावाच्या दंडाचा चावा घेऊन मांस लोंबतं ठेवलं. रक्ताने माखलेले दोघे एकाच रिक्षातून दवाखान्यात गेले, कारण गावात रिक्षा एकच होती. टाके घेताना चुलतभाऊ ओरडला होता, "तुनी केळी कशी पिकस तेच देखस मी!" सगळ्या दवाखान्याने ते ऐकलं.

पुढे श्रावणात, घड कापणीला आलेले असताना, भावाची केळी कोणीतरी कापली. कंबरेच्या उंचीवर, ओळीने, शेवटच्या झाडापर्यंत. मी नागपंचमीला माहेरी आले होते. सकाळी बांधावर उभी राहिले तर समोर सगळं आडवं. केळीच्या खोडात पाणीच पाणी असतं. कापलेल्या बुंध्यांतून ते अजून झिरपत होतं आणि हिरवे घड चिखलात तोंड खुपसून पडले होते. आमच्याकडे सूड असाच घेतात. माणसाला हात लावत नाहीत, त्याची बाग आडवी करतात. ज्याची कापली तो वर्षभर रोज बघत मरतो. भाऊ लग्नाचा राहिला होता. शेती करणाऱ्याला हल्ली कोणी मुलगी देत नाही. यंदा बाग बघून तरी कोणी होकार देईल, या आशेवर आई पाहुण्यांकडे निरोप धाडत होती. भाऊ चिखलात बसून एकेका घडावरून हात फिरवत होता. तो रडला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात कानबाई होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरात कानबाई ही कुळाची देवी बसते आणि सोमवारी तिचं नदीत विसर्जन होतं. सुरतेला गेलेले, पुण्याला गेलेले सगळे भाऊबंद गावी येतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळतात, त्याच पिठाचा रोट करतात आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो. परक्याला कणही द्यायचा नाही. लग्न झालेली लेक परक्या कुळाची, त्यामुळे मलाही नाही. दरवर्षी मी कोपऱ्यात वरण-भात खात यांची पंगत बघत बसायचे आणि वहिन्या-काकूंना म्हणायचे, "लग्न होईपर्यंत याच घरची धुणीभांडी केली, तेव्हा कुळ आठवलं नाही ते!" घरात सुतक असलं की कानबाई होत नाही. एका घरी मयत झालं तर सगळ्या भाऊबंदांची राहते. आधीची दोन वर्षं कोणा ना कोणाच्या सुतकाने ती राहिली होती, म्हणून यंदा सगळे अगदी हौसेने आले होते.

शनिवारी दळणाच्या वेळी भाऊ सगळ्यांसमोर उभा राहिला. दोन दिवस दाढी नाही, कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. म्हणाला, "ज्यानी मनी केळी कापी, त्याना घशाखाले कानबाईना रोट उतरी का? देखूत आत्ते." भाऊबंदाचं वाईट करून रोट खाल्ला तर कानबाई सोडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोणाला बोट दाखवायची गरजच नव्हती. चुलतभाऊ गावात राहत नसे, मळ्यातच घर बांधून राहायचा. त्याला निरोप गेला.

रविवारी पंगत बसली. त्याचं पान वाढलेलं आणि तो आला नाही. कुणाला तरी पाठवलं तर त्याने दारातूनच सांगितलं, पोट बिघडलं आहे, रोट खाणं जमणार नाही. बायकोही आली नाही. निरोप्याने हे भर पंगतीत सांगितलं आणि भावाच्या हातातला घास हातातच राहिला. पाटावर बसलेले, भाऊबंदांतले सगळ्यांत थोरले आबा पुटपुटले, "आत्ते आजून काय पुरावा पाहिजे?" या आबांनी पुढे कोर्टात आपल्याला ऐकू कमी येतं, असं सांगितलं.

सोमवारी सकाळी कानबाई वाजतगाजत तापीवर निघाली. चुलतभावाचा मळा वाटेतच. मिरवणूक तिथे पोचली तेव्हा भाऊ बाजूला झाला आणि बांधावरून आत उतरला. त्याच्या पाठीला, कमरेत खोचलेला घड कापायचा कोयता मला दिसला. मी चप्पल टाकून धावले.

चुलतभाऊ विहिरीपलीकडे निंबाखाली बसला होता. समोर ताजी उकरलेली माती, वर बाभळीचे काटे टाकलेले, हाताशी फावडं. भावाला बघून तो उठला. भाऊ म्हणाला, "बोल, केळी कोन कापी?" त्याने त्याचं उत्तर दिलंच नाही. तो दोन्ही हात पुढे करून एवढंच म्हणाला, "आठे नको. बांधवर चाल. आठे नको."

भावाने पहिला घाव तिथेच घातला. खांद्यावर. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. चुलतभाऊ खाली पडला नाही. तो मागे सरकत, तुटका हात दुसऱ्या हाताने धरून, भावाला निंबापासून दूर नेत होता. तेव्हा मला वाटलं, पळतो आहे. दुसरा घाव मानेला. मी भावाच्या सदऱ्याला लोंबकळले, त्याने कोपर मारलं आणि माझा पुढचा दात तुटला. तोंडात रक्त, डोळ्यांपुढे अंधार, आणि त्या अंधारातही तो आवाज येत होता, ओलं खोड तोडल्यासारखा. चुलतभाऊ मेल्यावरही भाऊ थांबला नाही. मी ओरडत होते, "अरे, मेला तो, मेला!" आणि तो कोयता उचलतच होता. वाटेवरून धावत आलेले भाऊबंद बांधावर ओळीने उभे होते. वाजंत्री मागे वाजतच होती, कारण वाजंत्र्यांना काही दिसलं नव्हतं.

भाऊ स्वतःच पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला. आईला म्हणाला, "काम झायं."

दहावं झाल्यावर मी मळ्यात गेले. आईने जाऊ नको म्हणून माझी वेणी धरून ओढलं होतं, तरी गेले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर मी खाल्लंही असतं. तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, आमले सुतक व्हतं."

तिला पाचवा महिना होता. आधी दोनदा पोट उतरलेलं, म्हणून या वेळी कुणाला कळूच दिलं नव्हतं. साडीवर नवऱ्याचा सदरा घालून शेतात वावरायची. शुक्रवारी दुखायला लागलं, चोपड्याला नेलं, मूल मेलेलं निघालं. नवऱ्याने ते फडक्यात गुंडाळून आणलं आणि आपल्याच निंबाखाली पुरलं. मग दोघं विचार करत बसली. सांगितलं तर सुतक, सुतक म्हणजे सगळ्यांची कानबाई तिसऱ्या वर्षीही राहणार.

नवऱ्याचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं, "त्या बोलनात, बठ्ठा लोके येल शेतस. आपलामुळे कानबाई रही जाई. आपन गुपचूप राहूत. आपनच रोट नही खावूत, म्हंजे झायं."

पाच महिन्यांच्या गर्भाचं सुतक लागतं की नाही, यावर आमच्या म्हाताऱ्यांत दोन मतं निघाली असती. कदाचित आबांनी, "नाही लागत, ये जेवायला," असंही म्हटलं असतं. पण विचारणं म्हणजे सांगणंच होतं. म्हणून त्या माणसाने आपल्यापुरतं सुतक पाळलं, रोट विटाळू नये म्हणून घरात बसला आणि सोमवारी कुत्र्यांनी माती उकरू नये म्हणून निंबाखाली राखण करत बसला. आम्ही सगळे त्यालाच कबुली समजलो. आमच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती.

मी तोंडावर पदर दाबला. ती मात्र रडत नव्हती. माझं मनगट आवळून म्हणाली, "अक्का, हाई कोनले सांगू नका. मनाच डोकावर येई बठ्ठं. म्हनतीन, सुतक लपाडं म्हनीसन कानबाई कोपनी, म्हनीसन हिना नवरा मरना." ती खरंच बोलत होती. आमचे लोक अगदी हेच म्हणाले असते. मी शब्द दिला.

आईला मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तोपर्यंत आई रोज एकच घोकत होती, "तू काही देखेल नही शे. तू मांगे व्हती." बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी आपण तेव्हा नदीवर होतो असं सांगायचं ठरवलं होतं. उरले ते माझे डोळे. आपल्या मुलाने कुणाला मारलं ते कळलं तर आई माझ्या मागे लागणं सोडेल, असं मला वाटलं. आई म्हणाली, "कोर्टमा तू काय सांगशी ते मी आत्ते नही इचारत. पन त्याले हाई गोट कळू देऊ नको. कापनाराले मारं आसं समजीसन तो तठे जगी जाई. हाई कळनं तं जगाव नही." दुसरा शब्दही मी दिला.

खटला अमळनेरला चालला. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत अशा साक्षीपाशी पुस्तक संपत येतं. नायिका सत्य बोलते, सभागृह स्तब्ध होतं, लेखक पेन ठेवतो. माझ्या साक्षीच्या वेळी पंखा करकरत होता आणि भाऊ आरोपीच्या जागेवरून माझ्याकडे लहानपणी मार चुकवताना बघायचा तसा बघत होता. मी सगळं सांगितलं. पहिला घाव, दुसरा घाव, मेल्यानंतरचे घाव. त्याच्या वकिलांनी विचारलं, शेतात हिस्सा हवा म्हणून भावाचा काटा काढताय का? मी भडकून म्हटलं, "हिस्सा हवा असता तर खोटं बोलले असते. आईने आनंदाने दिला असता." मयत रोटाला का आला नाही, हे मला दोन्ही बाजूंपैकी कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी अजून टाळते.

मी खरं का बोलले? लोकांना वाटतं, शिकलेली आहे, तत्त्वाची आहे. तत्त्व वगैरे काही नाही. भाऊ मेलेल्या माणसावर कोयता चालवत होता तेव्हा बांधावर ओळीने उभी असलेली माणसं मला दिसत होती आणि मला त्यांच्या ओळीत उभं राहायचं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आईने पायातली चप्पल काढली आणि सगळ्यांदेखत मला मारलं. तोंडावर, कानावर, पाठीवर. मी हात वर केला नाही. भाऊबंदांपैकी एकजण पानाची पिचकारी माझ्या साडीवर मारून गेला. पुढे गावाच्या फाट्यावर माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर दगड पडले, त्याच्या कपाळाला खोक पडली. त्यानंतर आम्ही गावी गेलो नाही. भावाला जन्मठेप झाली. आई गावात एकटी राहिली आणि एक दिवस पडून मांडीचं हाड मोडलं. तेव्हा जे भाऊबंद तिच्या बाजूने उभे होते, त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही. मी तिला धुळ्याला आणलं. ती माझ्या हातचं खाते, माझ्या हाताने अंघोळ करते आणि मुलाचा विषय सोडून माझ्याशी बोलत नाही.

नाशिकला तुरुंगात मी अधूनमधून मुलाखतीला जाते. मध्ये काच, बोलायला फोन. पहिल्या कितीक वेळा तो मला बघून नुसताच बसायचा. मग बोलायला लागला. माझ्यावरचा राग त्याने गिळला होता, पण दुसरा राग वाढवत नेला होता. मागच्या हिवाळ्यात तो म्हणाला की त्याने रजेचा अर्ज केला आहे. मी म्हटलं, "ये, आईला बरं वाटेल." तो काचेजवळ वाकला.

"मायले भेटसू. आनि मळामा जासू. त्यानी बायको बी सामील व्हती, अक्का. ती बी रोटले उनी नही. दोन्हीस्नी मिळीसन कापी मनी केळी. ती तठेच रहास ना? एकटीच?"

तो हे अगदी शांतपणे बोलला. जेवणाचं काय केलंस, विचारावं तसं. मी त्याचे हात बघितले. ते हात मी चालताना बघितले आहेत.

एक शब्द मी त्या बाईला दिला होता, दुसरा आईला. आईचं म्हणणं होतं, कळलं तर हा जगणार नाही. आता नाही कळलं तर ती जगणार नव्हती. मी फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मुलाखतीची वेळ संपत आली होती. मी सगळं सांगून टाकलं. पाचवा महिना, चोपड्याचा दवाखाना, फडकं, निंब. आपलामुळे कानबाई रही जाई, हे त्याचं वाक्य जसंच्या तसं. 'आठे नको' तो कशासाठी म्हणत होता, तेही. केळी कोणी कापली ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. पण तो रोटाला आला नाही ते केळीमुळे नव्हतं, असं मी म्हटलं.

त्याने फोन कानाला तसाच धरला होता. मग कपाळ काचेवर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. काचेवर रक्ताचा ठसा उमटला आणि पुढच्या आपटण्याने पसरला. मी उभी राहून दोन्ही तळवे काचेला लावले, जणू मला तो मधे धरता आला असता. दोन शिपाई धावले, त्याला मागून मिठी मारून ओढलं. तो झटापट करत नव्हता. त्याने हाताने त्यांना थांबायची विनवणी केली आणि लोंबकळणारा फोन पुन्हा उचलला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं.

"आंडोर व्हता का आंडेर?"

मुलगा होता की मुलगी. तिने मला ते मळ्यातच सांगितलं होतं. "आंडेर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बाहीने डोळा पुसला. शिपाई त्याचा दंड धरून उभे होते.

"अक्का," तो म्हणाला, "मायले सांगू नको, माले कळनं म्हनीसन."

रजेचा अर्ज त्याने मागे घेतला. आई समजते, सरकारने दिली नाही, आणि सरकारला शिव्या घालते. मी नाशिकहून परतले की ती पलंगावर उठून बसते, माझं पाणी पिऊन व्हायचीही वाट बघत नाही. "त्याले कळनं नही ना?" विचारते.

"नही, माय," मी म्हणते. मग ती समाधानाने आडवी होते आणि मी स्वयंपाकाला लागते.